पायका स्पर्धा गेल्या, मैदान तरी राखू या



एरवी आपण पिकापाण्याचं बोलतो. आज गावातल्या पोरांच्या फुटबॉलचं बोलू या. कारण तो विषयही शेवटी जमिनीपाशीच येतो.

खेड्यातील १६ वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने १९७०-७१ साली अखिल भारतीय ग्रामीण क्रीडा स्पर्धा सुरू केल्या. कबड्डी, खो-खोबरोबर त्यात फुटबॉलही होता. २००८-०९ मध्ये त्यांची जागा 'पायका'ने, म्हणजे पंचायत युवा क्रीडा और खेल अभियानाने घेतली. शिरवळच्या पोराने आधी खंडाळा तालुक्यात खेळायचं, तिथून सातारा जिल्हा, मग राज्य आणि देश, अशा त्याच्या पायऱ्या होत्या.

पायकाची खुबी अशी, की आधी मैदान आणि मग स्पर्धा. मैदानासाठी ग्रामपंचायतीला एकदाच १ लाख रुपये आणि खेळाची व्यवस्था पाहायला गावातलाच एक 'क्रीडाश्री'. त्याला मानधन महिन्याला ५०० रुपये! रक्कम तुटपुंजी खरी, पण खेळाचं काम गावात कुणाच्या तरी अंगावर होतं.

२०१४ मध्ये पायकाच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आलं आणि भर तालुक्याच्या क्रीडा संकुलावर गेला. २०१६ मध्ये तेही 'खेलो इंडिया'त विलीन झालं. वरच्या पायऱ्या राहिल्या, गावातली पहिली पायरी गेली. बियाणं चांगलं आहे हो, पण रोपवाटिकाच मोडली तर लावण कशाची करणार?

आता राहिली ती जागा. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे सुमारे ७१ गुंठे. लहान मुलांना ६० बाय ४० मीटर, म्हणजे २४ गुंठेही पुरतात. शिरवळला महामार्ग आणि कारखान्यांमुळे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. मोकळ्या जागेवर सगळ्यांचाच डोळा असतो. गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिले. राज्याचा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा आहे. गुरांचं गायरान मोडून मैदान करा, असं मी म्हणत नाही. जे मैदान आहे, ते तरी जाऊ देऊ नका.

त्यासाठी एवढं करा :

१) भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या.

२) ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीच्या जमीन नोंदवहीत मैदानाची नोंद तपासा.

३) मैदान मधोमध किंचित उंच आणि कडेला उतरतं ठेवा, पाणी साचणार नाही.

४) रानातून उपटून बांधावर टाकता ती हरळी पावसाळ्याच्या तोंडाला मैदानात वीतभर अंतरावर लावा. शेतातली वैरीण मैदानावर मैत्रीण ठरते. पडलेल्या पोराचं ढोपर तीच वाचवते.

स्पर्धा पुन्हा सुरू करणं सरकारच्या हाती आहे. जागा राखणं मात्र आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या.