‘हा प्रश्न बंद करण्यात आला आहे’: कोडिंगची मदत मागणाऱ्यांना टोमणे का मिळतात?

समजा, आलापल्लीची एक विद्यार्थिनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पीएचपीमध्ये लॉगिन पेज बनवतेय. रात्री एरर येतो. जवळपास विचारायला कुणी नाही, म्हणून ती स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न टाकते. प्रतिक्रिया येतात: ‘इंग्रजी सुधारा’, ‘आधी डॉक्युमेंटेशन वाचा’, ‘डुप्लिकेट’. सोबत दोन डाउनव्होट. एररचं उत्तर मात्र कुणीच देत नाही.

मदतीसाठी बनलेल्या जागेत असं का होतं?

नियमच तसे आहेत

जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. गप्पांचा कट्टा नको, प्रश्नोत्तरांचा कायमचा संग्रह हवा, ही त्यामागची कल्पना. एका प्रश्नाचं चांगलं उत्तर एकाच जागी असलं की पुढे हजारो लोकांना ते गुगलवर सापडतं. म्हणून तोच प्रश्न पुन्हा आला की ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद होतो. ‘नमस्कार सर, प्लीज मदत करा’ हेसुद्धा तिथं नको असतं. अनेकदा संपादनात ते काढून टाकतात. आपल्याकडे जी अदब, ती तिथं फाफटपसारा ठरते.

त्यात गुणांचा खेळ आहे. प्रश्नाला डाउनव्होट देणाऱ्याचं काहीच जात नाही. नव्या माणसाला मात्र दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट करायलाही आधी ५० गुण कमवावे लागतात. म्हणजे चुका काढणं स्वस्त आणि समजावून सांगणं कष्टाचं.

मग चूक दाखवायचीच नाही का?

दाखवायलाच हवी. वरच्या उदाहरणात युजरनं टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएल क्वेरीत जोडलं असेल, तर कुणीही त्या चौकटीत क्वेरीचा तुकडा टाकून डेटाबेस उघडू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रश्न त्याबद्दल नसला तरी हे सांगणारा माणूस खरी मदत करतोय.

फरक साधा आहे. ‘हे धोकादायक आहे, त्याऐवजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट असं वापर’ ही मदत झाली. ‘एवढंही माहीत नाही?’ हा नुसता शहाणपणा झाला.

फटका कुणाला बसतो?

पुण्यातल्या विद्यार्थ्याला कंपनीतला सीनियर भेटतो, क्लास असतो. गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या आतल्या तालुक्यांत ही सोय क्वचितच असते. इथल्या अनेक मुलांची घरातली भाषा गोंडी किंवा माडिया, शाळेची मराठी आणि कोडिंगची इंग्रजी. स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत; मराठी किंवा हिंदी नाही. मुख्य साइटवर प्रश्न इंग्रजीतच लागतो. तिथं व्याकरणावरून टोमणा मारणारा एखाद्या मुलीच्या तिसऱ्या भाषेवर हसत असतो. ती पुन्हा विचारत नाही, आणि तिच्यासाठी दुसरी खिडकीही नसते.

कंपनीनं हे मान्य केलंय?

हो. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीचे तेव्हाचे अधिकारी जे हॅनलन यांनी जाहीरपणे लिहिलं, की ही जागा अनेकांना, विशेषतः नवख्यांना, आपली वाटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता आली.

आता एआय आहे ना?

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं. ते कितीही वेळा विचारलं तरी वैतागत नाही. पण चुकीचं उत्तरही ठामपणे देतं. त्यामुळेच स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्ये एआयनं लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. नवख्याला ती चूक ओळखता येत नाही. तिथं जाणता माणूस लागतोच.

विचारताना आणि सांगताना

विचारणार असाल तर: एररचा मजकूर फोटो न काढता जसाच्या तसा द्या. एरर येईल एवढाच छोटा कोड द्या. काय करून पाहिलं ते लिहा. जुना प्रश्न सापडला असेल तर त्याची लिंक द्या आणि तुमची अडचण वेगळी कशी, ते सांगा.

सांगणार असाल तर: आधी उत्तर, मग दुरुस्ती. ‘हे तर सोपं आहे’ हे वाक्य गाळा. आणि उत्तर द्यायला वेळ नसेल तर टोमणाही न मारता पुढे जा.