एसीपी प्रद्युम्न मेले की जिवंत?



रात्रीची जेवणे आटोपली, जनावरांना वैरण पडली, की घरातली लहानथोर मंडळी टीव्हीपुढे बसतात. कुणाला कीर्तन हवे असते, कुणाला सासू-सुनेची मालिका. पण खुनाचा तपास सुरू झाला, की सगळे घर एक होते. आजीसुद्धा जपमाळ बाजूला ठेवून म्हणते, "तो चष्मेवाला मुनीमच खुनी, बघा तुम्ही!" भाग संपतो, पण तपास संपत नाही. तो दुसऱ्या दिवशी खुरपणीच्या पातीवर, दूध घालायच्या रांगेत आणि पारावर चालूच राहतो. कोण मेला, कोण वाचला, कोण फितूर झाला, यावर पैजा लागतात.

या चर्चेला कुणी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणेल. मी म्हणणार नाही. तर्क लढवणे हा बुद्धीचा व्यायाम आहे. मात्र या व्यायामाचे काही नियम आहेत, आणि ते पाळले नाहीत तर दुखापत होते. ती आपल्याला होत नाही, शेजाऱ्याला होते. म्हणून आज थोडे या विषयावर.

सत्तावीस वर्षांची ओळख

उदाहरण सर्वांच्या माहितीचे घेऊ. 'सीआयडी' ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली. तिचे जनक बी. पी. सिंग. या सिंगसाहेबांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका केली होती. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल. तिच्यातही शिवाजी साटम होते आणि 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न झाले तेही साटमच. बँकेत नोकरी करता करता रंगभूमीवर आलेला हा मराठी माणूस, पुढे हवेत बोटे फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणत देशभर ओळखीचा झाला.

त्यांच्या जोडीला आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया, दिनेश फडणीस यांचा फ्रेडी आणि प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे, म्हणजे नरेंद्र गुप्ता. शेट्टी हे मूळचे खेळाडू, थाळीफेक करणारे. त्यामुळे दार तोडायचे काम त्यांच्याकडे आले यात नवल नाही. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकरही या पथकात इन्स्पेक्टर होते. पुढे 'लगान' चित्रपट काढला ते हेच. नोव्हेंबर २००४ मध्ये तर या मंडळींनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही कॅमेरा न थांबवता चित्रित करून दाखवला, आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी मालिका थांबली, तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. २१ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे १९९८ साली आईच्या मांडीवर बसून ती पाहणारे पोर आता आपल्या पोराला मांडीवर घेऊन तीच माणसे पाहू लागले. इतक्या वर्षांच्या सहवासाने पात्रे घरची होतात. म्हणूनच त्यांच्या जगण्या-मरण्याची चर्चा घरच्या माणसासारखी होते.

'मरण' आले आणि गेले

मालिका परत येणार म्हणून २०२४ साली जी जाहिरात दाखवली, तिच्यात अभिजीत दयावर गोळी झाडतो! वीस वर्षांची मैत्री आणि ही गोळी? प्रेक्षकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, अभिजीत फितूर झाला. दुसरा म्हणे, हा शत्रूला फसवायचा डाव असणार. जुन्या प्रेक्षकांना मात्र धक्का नवा नव्हता. याच मालिकेत पूर्वी एसीपींना गुन्हेगार बनलेल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी चालवावी लागल्याचे त्यांनी पाहिले होते.

खरा कहर झाला तो एप्रिल २०२५ मध्ये. बार्बोसा नावाच्या खलनायकाने, म्हणजे तिग्मांशू धुलिया यांनी, घडवलेल्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न मेल्याचे कथानक आले. वाहिनीने समाजमाध्यमांवर त्यांच्या छायाचित्राखाली श्रद्धांजलीही टाकली. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, की खरोखरीचा माणूस गेला. मोबाइलवर ती चौकट एकाने दुसऱ्याला पाठवली, दुसऱ्याने तिसऱ्याला. 'पात्र मेले' याचे 'नट गेला' व्हायला कितीसा वेळ लागतो! साटम मात्र धडधाकट होते आणि काही दिवस सुट्टीवर आहोत असे सांगत होते. त्यांच्या जागी पार्थ समथान हे नवे एसीपी आयुष्मान म्हणून आले. प्रेक्षक काही केल्या मानेनात. आणि थोड्याच आठवड्यांत प्रद्युम्न परतले.

आता मागे वळून विचार करा. हे परतणे आधी ओळखता आले असते का? चांगले तर्क करणारे प्रेक्षक तीन प्रश्न विचारतात. पहिला, प्रेत स्पष्ट दाखवले का? नुसता धूर आणि ज्वाळा दाखवल्या असतील, तर मेला असे धरून चालू नये. दुसरा, बातमी कोण सांगतो आहे? स्वतः त्या माणसाने, घरच्यांनी सांगितले, की कुणीतरी पुढे ढकललेली चौकट आहे? तिसरा, या मरणाचा लाभ कुणाला? मालिकेच्या बाबतीत याचे उत्तर सोपे आहे. चर्चा झाली की प्रेक्षक वाढतात. पात्राचे जगणे-मरणे बहुधा कथेत ठरत नाही. नटाची सुट्टी, त्याची इतर कामे आणि प्रेक्षकांची संख्या यांच्या हिशेबात ते ठरते.

हा खेळ आजचा नाही. इंग्लंडमध्ये १८९३ साली कॉनन डॉइल यांनी आपल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकलून संपवला, कारण लेखकाला त्याचा कंटाळा आला होता. वाचक खवळले. अखेर १९०३ साली लेखकाने होम्सला जिवंत करून परत आणले. प्रेत कुणालाच सापडले नव्हते, ती वाट मोकळीच होती! भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांमुळे हा होम्स आपल्याही वाचनालयांत पोचला. आणि बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड संकटात सापडला, की तो वाचणारच हे आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक असे. तरीसुद्धा ते कंदिलाच्या उजेडात पान उलटत, कारण तो कसा वाचणार हे पाहायचे असे.

पण फ्रेडी परत आला नाही

या सगळ्यात एक मरण खरे होते. फ्रेडीच्या विनोदाने आपल्याला वर्षानुवर्षे हसवणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा ती जागा रिकामी होती. लेखकाच्या लेखणीला त्यांना परत आणता आले नाही. त्यांच्या आजारपणातही अफवा पसरलीच होती. हृदयविकाराचा झटका आला, अशी बातमी आधी सगळीकडे गेली. मग सहकारी दयानंद शेट्टी यांना सांगावे लागले, की दुखणे हृदयाचे नसून यकृताचे आहे. खोट्या मरणावर चर्चा करताना जी जीभ सैल सुटते, ती खऱ्या आजारावरही तशीच सुटते. इथपासून आपली जबाबदारी सुरू होते.

गावात लेखक नसतो

मालिकेत प्रत्येक वस्तू लेखकाने मुद्दाम ठेवलेली असते. फुटकी बांगडी दिसली की तो धागा असतो. दारात उपरी चप्पल दिसली की तो पुरावा असतो. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही, तोच बहुधा खुनी निघतो, कारण प्रेक्षकाला चकवायचे असते. गावात असा लेखक नसतो. गावातली फुटकी बांगडी बहुतेक वेळा नुसती फुटकी बांगडी असते. उशिरा घरी येणारा माणूस बहुतेक वेळा पाणी धरून आलेला असतो, कारण वीज रात्रीची असते.

तरीही गावात चोरी झाली, कुणी विहिरीत सापडले, कुणाच्या पोटात औषध गेले, की पारावर लगेच मालिका सुरू होते. "सून बोलत नव्हती म्हणे." "भावाभावांत बांधावरून भांडण होतेच." एका रात्रीत खुनी ठरतो. पुढे तपासात काहीच निघत नाही, पण त्या सुनेच्या नावाला लागलेला डाग निघत नाही. मालिकेतला संशयित पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भूमिकेत येतो. आपल्या गावातल्या माणसाला जन्मभर तीच भूमिका करावी लागते.

शेतातलेच पाहा. हरभऱ्याचे झाड मान टाकते. लगेच कुणी बियाण्याला दोष देतो, कुणी शेजाऱ्याच्या फवारणीला. जाणता शेतकरी आधी झाड उपटतो, मूळ पाहतो आणि खोड उभे चिरून पाहतो. आत तपकिरी काळपट रेघ दिसली, तर मर रोग. मूळ कुरतडलेले असेल, तर अळी. मूळ कुजलेले असेल, तर गोष्ट वेगळी. खोड चिरण्याआधी जो निदान करतो, तो औषधाचे पैसे वाया घालवतो. माणसाच्या बाबतीत खोड न चिरता निदान केले, तर माणूस वाया जातो.

खरा तपास कसा चालतो

डॉक्टर साळुंखे नळीत दोन थेंब टाकतात आणि विषाचे नाव सांगतात. आपण मातीचा नमुना दिल्यावर अहवाल उभ्या उभ्या मिळतो का? तसेच हे आहे. शवविच्छेदनात काढलेला व्हिसेरा साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात बंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. मुंबईत कलिना येथे मोठी प्रयोगशाळा आहे आणि नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. अहवालाला वेळ लागतो. तो उशिरा आला म्हणजे कुणी दाबला, असा अर्थ होत नाही.

मालिकेत दोन थपडा बसल्या की खुनी सगळे कबूल करतो आणि भाग संपतो. कायद्यात तसे नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वीच्या कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. म्हणून जागेवरचा पुरावा महत्त्वाचा. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद आहे. राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे.

आणखी एक गंमत. आपल्या राज्यात सीआयडी खरोखर आहे, पण तिचे मुख्यालय पुण्यात. आणि एसीपी हे पद पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांतच असते. आपल्या तालुक्याला उपविभागीय पोलीस अधिकारी असतात. त्यामुळे गावात काही घडले, तर प्रद्युम्नची वाट पाहू नका. पुढील गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

१) ११२ क्रमांक फिरवा आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवा.

२) जागेवर गर्दी करू नका. वस्तू उचलू नका, सारवू नका, झाडू नका. पावलांचे ठसे गर्दीच मोडते.

३) कुणाच्या पोटात कीटकनाशक गेले असेल, तर तर्क करत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या आणि ती बाटली वेष्टनासह सोबत न्या. विष कोणते हे डॉक्टरांना तिच्यावरून कळते. तीच बाटली पुढे पुरावाही ठरते.

४) पंच म्हणून बोलावले, तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही करा. ऐकीव गोष्ट पंचनाम्यात घालू नका.

५) मृताचे किंवा संशयिताचे छायाचित्र मोबाइलवर पुढे पाठवू नका.

तेव्हा मंडळी, मालिका जरूर पाहा. दया दार तोडतो तेव्हा पोराटोरांनी टाळ्या वाजवाव्यात. खुनी कोण यावर शेंगांची पैज लावावी, आणि आजीने जिंकावी. चर्चा करताना मुलांना मध्येच विचारा, "हे तू पाहिलेस, की तुला वाटते?" पाहिलेले आणि वाटलेले यांतला फरक ज्या घरातल्या मुलांना कळला, त्या घरातून अफवा बाहेर पडत नाही.