समाजशास्त्राचा उपयोग काय?

विद्यापीठांत चार वर्षें घालवून समाजशास्त्राचे सिद्धांत शिकलेल्या मुलाचा घरास उपयोग काय, असा प्रश्न किनवटच्या पेठेंत वारंवार ऐकूं येतो. पदवीधर मुलगा रिकामा बसलेला पाहणाऱ्या बापास तो सुचावा यांत नवल नाहीं. परंतु त्याचें उत्तर याच मुलुखाच्या इतिहासांत आहे, तें वाचकांनीं एकदां पाहावें.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं किनवट हा आदिलाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. त्या जिल्ह्यांत जोडेघाट येथें १९४० सालीं, जमीन व जंगल यांचा हक्क मागणारे कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडले. बंड मोडलें, त्याचें कारण मात्र सरकारास उमगलें नाहीं. तें शोधण्याचें काम पुढें क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानवशास्त्रज्ञाकडे आलें. लोकांत राहून, त्यांच्याच भाषेंतून त्यांचें जीवन समजून घ्यावें, ही मालिनोव्स्की यांची शिकवण त्यांनीं लंडनच्या विद्यापीठांत ऐकली होती. मारलवाई या गोंड खेड्यांत मुक्काम करून ती त्यांनीं आचरली. तेव्हां दिसलें तें असें: जंगल राखीव करतांना गोंडांची कसलेली जमीन गेली, पट्टा म्हणजे काय हें त्यांस कळण्यापूर्वींच बाहेरून आलेल्यांनीं तो आपल्या नांवें करून घेतला, आणि कालचा मालक स्वतःच्याच शेतांत कूळ झाला. दोष गोंडांच्या स्वभावाचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

निदान बदलतांच उपायही बदलला. गोंडांस जमिनीचे पट्टे मिळूं लागले. १९४३ सालीं मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. त्याचीं गोंडी पुस्तकें देवनागरी लिपींत होतीं. सेतुमाधवराव पगडी या मराठी अधिकाऱ्यानेंही गोंडी व कोलामी भाषा शिकून त्यांचीं व्याकरणें लिहिलीं.

आमच्या मनांत शल्य आहे तें निराळेंच. आपल्या शेजाऱ्याचें दुःख जाणण्यास व्हिएन्नाहून मनुष्य यावा लागला! आज ती सबब उरलेली नाहीं. औरंगाबादेस १९५८ सालीं व नांदेडास १९९४ सालीं विद्यापीठ झालें. मात्र सिद्धांत पाठ करून परीक्षा उतरणें म्हणजे विद्या नव्हे. किनवटच्या विद्यार्थ्यानें गोंड, कोलाम वा आंध यांच्या एखाद्या वस्तींत जावें. जमीन कोणाची, कर्ज किती, शाळा कोणीं व कां सोडली, याची नोंद करावी. आणि ती नोंद करणारा विद्यार्थी जर त्याच वस्तींतला असेल, तर त्याहून उत्तम कांहीं नाहीं.

व्यापारी बंधूंनीं अशा विद्यार्थ्यांस हंसूं नये, त्यांचा खर्च उचलावा. यांत केवळ परोपकार नाहीं. शेतकरी कूळ झाला म्हणजे सावकाराची वही भरते, पण पेठ ओस पडते. पेठ कशानें ओस पडते हें ज्या विद्येमुळें कळतें, ती व्यापाऱ्यास निरुपयोगी कशी?