बर काढणारे घरगुती व्हायब्रो

पत्र्याला भोक पाडताना ड्रिल ज्या बाजूने बाहेर पडते, तिथे धातूची एक बारीक, धारदार कड उभी राहते. लेथवर तुकडा कापून सुटा केला, मिलिंगचे कटर कडेबाहेर गेले किंवा लेझरने पत्रा कापताना वितळलेला धातू खालच्या कडेला थिजला, तरी असेच होते. कारखान्यात या नको असलेल्या कडेला ‘बर’ म्हणतात. बर राहिलेला भाग जागेवर नीट बसत नाही, त्याच्या कडेवर रंग टिकत नाही, हाताळणाऱ्याची बोटे कापतात आणि तुटलेला बर बेअरिंगमध्ये गेला तर बेअरिंग संपते. यावर रूढ उपाय कानशीचा. दहा तुकड्यांसाठी तिच्याइतके चांगले साधन नाही. पाचशे तुकड्यांना मात्र सकाळची कानस आणि संध्याकाळची कानस सारखी लागत नाही.

मोठ्या कारखान्यांत हे काम व्हायब्रो यंत्र करते. रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे अस्तर लावलेला टब, त्यात घासणाऱ्या दगडांसारख्या छोट्या तुकड्यांची खडी, तिच्यात सोडलेले जॉब (बर काढायचे भाग), थोडे साबणाचे पाणी आणि या सगळ्याला मिनिटाला हजार-दीड हजार वेळा हलवणारे एक असंतुलित वजन, एवढाच त्याचा संसार. भोसरी, शिरोली किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या शेडना रोज लागत नसलेले हे यंत्र विकत घेणे परवडत नाही. ते स्वतः बांधणे मात्र शक्य असते. त्यात मिळायला कठीण असा एकही भाग नाही. अडचण आहे ती आकड्यांची. ते चुकले तर यंत्र जॉबचा बर काढण्याआधी स्वतःचेच वेल्डिंग तोडते.

व्हायब्रोच्या आधी बॅरल होते. आडव्या पिंपात जॉब आणि दगड घालून पिंप संथपणे फिरवायचे. जर्मनीत या कामाला बराच काळ ‘ट्रोवालिझिरेन’ म्हणत. वाल्थर या कंपनीचे नाव आणि पिंपाला असलेला ‘ट्रोमेल’ हा शब्द जोडून ते नाव तयार झाले. बॅरलची मर्यादा त्याच्या चालीतच आहे. पिंप फिरते तेव्हा आतला ढीग एका बाजूने वर चढतो आणि वरचा थर घसरून खाली येतो. घासण्याचे काम जवळजवळ सगळे त्या घसरत्या थरातच होते, खालचा ढीग नुसता वाहून नेला जातो. व्हायब्रोमध्ये टबाचा प्रत्येक झटका ढिगात आतपर्यंत पोचतो आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर घासत राहतो. म्हणून बॅरलला जे काम दिवसभर लागते, ते व्हायब्रोत काही तासांत होते. शिवाय टब वरून उघडा असल्याने चालू कामातून एखादा जॉब काढून बघता येतो.

बाजारात व्हायब्रोचे दोन आकार दिसतात. गोल यंत्रात मेदूवड्यासारखी मध्ये पोकळी असलेली कढई असते. तिच्या मध्यात उभी मोटर आणि मोटरच्या वर व खाली एकेक वजन असते. या दोन वजनांमधला कोन बदलला की ढीग कढईतून कसा आणि किती वेगाने पुढे सरकतो ते बदलते. ही कढई घरी बनवणे अवघड आहे. दुसरा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या लांबट टबाचा. साधारण २५० मिमी व्यासाचा पाइप उभा चिरून त्याच्या कडांना पत्रा वाढवला आणि दोन्ही टोके बंद केली की तो तयार होतो. टबाखाली लांबीच्या दिशेने एक शाफ्ट, शाफ्टच्या दोन टोकांना दोन वजने आणि टबाच्या चार कोपऱ्यांखाली चार स्प्रिंगा. घरगुती बांधणीला हाच आकार योग्य. रंगाच्या प्लॅस्टिकच्या बादलीला खाली मोटर अडकवून काही जण सुरुवात करतात. पितळेचे हलके तुकडे चमकवण्याइतपत ती चालते, पण पोलादाच्या जॉबचा भार तिला झेपत नाही.

वजनाचा हिशेब समजला की अर्धे यंत्र समजले. वजन शाफ्टच्या मध्यापासून जितके दूर, तितका टब जास्त सरकतो. हलणारा एकूण भार जितका जास्त, तितका कमी. स्प्रिंगा पुरेशा मऊ असतील तर सूत्र सोपे होते. वजनाचे ग्रॅम गुणिले मध्यापासूनचे मिलिमीटर, भागिले हलणाऱ्या सगळ्या भाराचे ग्रॅम. समजा ७५ मिमी त्रिज्येची आणि ८ मिमी जाडीची पोलादी अर्धचकती घेतली. ती साधारण ५५५ ग्रॅम भरते आणि तिचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यापासून सुमारे ३२ मिमीवर येतो. अशा दोन चकत्यांचा गुणाकार ३५,५०० च्या आसपास जातो. टब, शाफ्ट, खडी, जॉब आणि पाणी मिळून २५ किलो भार असेल तर उत्तर येते १.४ मिमी. म्हणजे टब मध्यापासून दोन्ही बाजूंना तेवढा सरकतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २.८ मिमी हलतो. टबातली सैल खडी टबाबरोबर पूर्णपणे हलत नाही, म्हणून प्रत्यक्षातला हेलकावा थोडा जास्तच निघतो. बर काढायला एवढी हालचाल पुरते.

या सूत्रात मोटरचा वेग कुठेच नाही, आणि पहिल्यांदा यंत्र बांधणारा नेमका इथेच फसतो. हेलकावा कमी वाटला की तो १४४० फेऱ्यांची मोटर काढून पंपाची २८८० फेऱ्यांची लावतो. हेलकावा तेवढाच राहतो, पण वेग दुप्पट झाल्यामुळे बेअरिंगवरचा ओढा चौपट होतो. वरच्याच उदाहरणात १४४० फेऱ्यांना दोन चकत्या मिळून सुमारे ८२ किलोच्या ओढ्याने शाफ्ट हिसडतात. २८८० फेऱ्यांना हा आकडा सव्वातीनशे किलोच्या वर जातो. हेलकावा हवा असेल तर चकती मोठी करावी किंवा टब हलका करावा. त्याहून बरे म्हणजे प्रत्येक टोकाला एकाऐवजी दोन पातळ अर्धचकत्या बसवाव्यात. दोन्ही एकावर एक आल्या की पूर्ण जोर मिळतो, एक फिरवून विरुद्ध बाजूला नेली की जोर शून्यावर येतो आणि मधल्या कोनांत हवे ते माप मिळते. शाफ्टच्या दोन्ही टोकांची वजने एकाच दिशेला असली पाहिजेत. ती मागेपुढे झाली तर टब सरळ न हलता पाळण्यासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलतो आणि सगळी खडी एका कोपऱ्यात जमते.

स्प्रिंगांचे काम टब उचलून धरण्याचे, तसेच हादरा जमिनीपर्यंत जाऊ न देण्याचेही. भरलेला टब ठेवल्यावर स्प्रिंगा १० मिमी दबल्या तर त्या व्यवस्थेची स्वतःची लय मिनिटाला सुमारे ३०० हेलकाव्यांची असते. यंत्र १४४० वर चालते, म्हणजे त्या लयीच्या जवळजवळ पाचपट. एवढे अंतर असले की चौकटीपर्यंत हादऱ्याचा विसावा हिस्साही पोचत नाही. स्प्रिंग कडक घेतली तर हे अंतर कमी होते आणि यंत्र फरशीवर चालू लागते, अगदी शब्दशः. भंगारातून आणलेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दिसायला योग्य वाटतात, पण छोट्या टबाला बहुधा फार कडक पडतात. त्याची परीक्षा सोपी आहे. २५ किलोच्या टबाला चार स्प्रिंगा असतील तर एका स्प्रिंगवर सव्वासहा किलो वजन ठेवून ती किती दबते ते पट्टीने मोजावे.

चालू होताना आणि बंद होताना यंत्राला त्या ३०० च्या लयीतून जावेच लागते. चालू होताना मोटर ती पटकन ओलांडते. बंद करताना वेग हळूहळू उतरतो आणि काही क्षण टब वेड्यासारखा उडतो. नवख्याला वाटते काही तरी तुटले. तुटलेले काही नसते, पण तेवढ्या झटक्यात टब स्प्रिंगांवरून निसटू नये म्हणून स्प्रिंगांच्या वर-खाली कप किंवा खुंट्या हव्यातच.

मोटर टबावर बसवू नये. सततच्या हादऱ्याने साध्या मोटरचे वाइंडिंग आणि बेअरिंग दोन्ही जातात. तिला खालच्या स्थिर चौकटीवर ठेवून शाफ्टशी व्ही-बेल्टने जोडावे. मोटर शाफ्टच्या रेषेत येत असेल तर जाड रबरी नळीचा तुकडा दोन क्लॅम्पनी आवळून कपलिंगसारखा वापरता येतो. आठ-दहा लिटरच्या टबाला पाव हॉर्सपॉवर पुरते आणि जुन्या वॉशिंग मशीनची मोटर त्या कामाला येते. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अशा मोटरी पाहून, फिरवून घेता येतात. फरसबंदीचे ब्लॉक पाडणाऱ्या टेबलाखालची मोटर मात्र वेगळ्या जातीची. तिच्यातच वजने असतात आणि ती हादरण्यासाठीच बनवलेली असते. तशी छोटी मोटर हाती लागली तर शाफ्ट, बेअरिंग आणि बेल्ट यांची गरजच संपते आणि ती सरळ टबाखाली बोल्टने आवळता येते. शाफ्टच घेतला तर २० मिमीचा शाफ्ट आणि दोन यूसीपी २०४ पेडेस्टल बेअरिंग या मापाला भरपूर होतात.

बेअरिंगांआधी दगा देते ते वेल्डिंग. मिनिटाला १४४० म्हणजे तासाला ८६,४०० झटके. बारा तासांत त्यांची संख्या दहा लाखांवर जाते. एरवी वर्षानुवर्षे टिकणारा सांधा इथे महिन्याभरात चिरतो आणि चीर बहुतेक वेळा वेल्डिंगच्या टोकापाशी सुरू होते. म्हणून वेल्डिंग कोपऱ्यावर थांबवू नये, ते वळवून पुढे न्यावे. बेअरिंगखालची पट्टी जाड घ्यावी आणि टबाच्या पत्र्याला ती थेट न जोडता मध्ये रुंद तुकडा घालावा. नट नायलॉकचे वापरावेत. पहिल्या तासानंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण सगळे थोडे तरी ढिले झालेले असतातच.

टबाच्या आतून रबर नसेल तर जॉब पत्र्यावर आपटून खरवडतात आणि आवाज सहन होत नाही. ट्रकच्या टायरमधला फ्लॅप कापून रबर सोल्यूशनने चिकटवला तर तो बराच काळ टिकतो.

यंत्र फक्त हलवते, घासतात ते टबातले तुकडे. कारखान्यात त्यांना मीडिया म्हणतात. सिरॅमिक मीडिया म्हणजे मातीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड मिसळून भाजलेले त्रिकोण, तिरपे कापलेले दंडगोल, शंकू. ते जड असतात आणि पोलादावर चांगले चालतात. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेसाठी प्लॅस्टिकचे हलके तुकडे बरे, ते ठोकल्याच्या खुणा सोडत नाहीत. नुसती चमक हवी असेल तर अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडांचा चुरा कोरडाच वापरतात. फुटलेल्या ग्राइंडिंग चाकाचे तुकडे किंवा गोटे घालून पैसे वाचवण्याचा मोह होतो. चाकाचे तुकडे घासतात खरे, पण त्यांच्या धारदार कोपऱ्यांनी जॉबवर ओरखडे पडतात आणि त्यांची भुकटी फार होते. गोटे गुळगुळीत असतात, म्हणून ते बर कापत नाहीत, फार तर दाबून गोल करतात. मीडिया विकतच घ्यावा.

मीडियाचे माप जॉबच्या भोकांवरून ठरते. भोकाएवढा तुकडा भोकात घट्ट बसतो आणि मग तो ठोकून काढण्यात वाचलेला सगळा वेळ जातो. तुकडा भोकापेक्षा स्पष्ट मोठा असावा किंवा भोकाच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान. घासून घासून मोठे तुकडेही एक दिवस अडकण्याच्या मापाला येतात, म्हणून मीडिया मधूनमधून चाळून घ्यावा लागतो. आकारमानाने तीन भाग मीडिया आणि एक भाग जॉब हे सुरुवातीचे प्रमाण. नाजूक किंवा जड जॉब एकमेकांवर आपटू नयेत म्हणून पाच भागांपर्यंत जावे. टब काठाच्या थोडा खालपर्यंत भरावा. तो अर्धाच भरला तर ढीग जागच्या जागी थरथरतो, फिरत नाही. नीट चाललेल्या टबात पृष्ठभाग सावकाश एका बाजूला जाऊन खाली बुडताना दिसतो, जॉब दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतात.

हेलकावा मोजायला उपकरण लागत नाही. १, २, ३, ४ मिमी व्यासाची वर्तुळे काढलेला कागद टबावर चिकटवावा. टब हलताना प्रत्येक वर्तुळ डोळ्यांना दुहेरी दिसते. ज्या वर्तुळाच्या दोन प्रतिमा एकमेकींना नेमक्या टेकतात, त्याचा व्यास म्हणजे हेलकावा.

पाण्याचे काम धुण्याचे. घासून निघालेला गाळ मीडियावर बसला की मीडिया काचेसारखा गुळगुळीत होतो आणि कापणे थांबते. पाणी इतकेच हवे की सगळे ओले राहील, तळे साचणार नाही. भांडी घासण्याचा साबण चिमूटभर पुरतो. जास्त झाला तर फेस उशीसारखा मध्ये येतो. धुण्याचा सोडा पोलादाला चालतो, अ‍ॅल्युमिनियमला काळे पाडतो आणि त्याच्याशी संयोग होऊन हायड्रोजन सुटतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर सोडा नको आणि टबाला हवाबंद झाकणही नको. पोलादाच्या गाळाने माखलेल्या मीडियात अ‍ॅल्युमिनियम घालू नये. त्याचे काम कोरडे तर कधीच करू नये, कारण त्याची बारीक धूळ पेट घेते. गाळाचे पाणी बादलीत निवळू द्यावे आणि खाली बसलेला गाळ मोरीत सोडू नये.

फिरणाऱ्या वजनांवर जाड पत्र्याचे आवरण, कानांना रक्षक आणि वीजजोडणीला अर्थिंगसह ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, या तीन गोष्टींशिवाय यंत्र चालू करू नये.

लहान बर तासा-दोन तासांत जातो. नखाने जाणवेल पण वाकवता येणार नाही असा जाड बर यंत्रात निघत नाही, नुसता दुमडतो. तो आधी कानशीनेच मारावा लागतो. बाहेरच्या कडा लवकर गोल होतात, आतली भोके आणि खाचा मागे राहतात, आणि जिथे कड टोकदारच हवी तो जॉब व्हायब्रोत टाकण्याचा नाही. टबातून काढलेले पोलाद ओले आणि अगदी स्वच्छ असते, म्हणजेच गंजायला तयार. ते धुऊन, कोरड्या भुश्यात घोळून लगेच तेलात बुडवावे लागते. पावसाळ्यात संध्याकाळी टबात विसरलेले जॉब सकाळी तांबडे निघतात.