कुबट वासाचा माग

पावसाळा सरल्यावर कोकणातल्या बंद घराचे दार उघडले की जो कुबट वास येतो, त्याला आपण ‘जुन्या घराचा वास’ म्हणून सोडून देतो. वास घराच्या वयाचा नसतो. ओलाव्यावर वाढणारी बुरशी काही वायुरूप द्रव्ये हवेत सोडते, त्यांचा तो असतो. भिंतीवर डाग दिसत नसला, तरी कपाटामागे, गादीखाली किंवा रंगाच्या थराआड ती वाढत असू शकते.

या विषयात मी पडलो तो आईमुळे. तिला दमा. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंतींना मी हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट दिला होता. दोन पावसाळ्यांत तिच्या खोलीचा कोपरा काळा पडला. ब्लीचिंग पावडरचे पाणी मारले. डाग गेला आणि महिन्याभरात परत आला. सच्छिद्र भिंतीवर ब्लीच वरचा रंग उडवते, आतले तंतू राहतात. (त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये; विषारी क्लोरीन वायू निघतो.) कापूर आणि डांबरगोळ्या वास झाकतात, एवढेच.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. लाकूड, कागद, धूळ हे तिचे अन्नही घरभर असते. आपल्या हातात राहते ते पाणी. भिंतीलगतची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे फावते. म्हणून घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवावी, असे सांगतात. श्रावणात कोकणात हे वाचून हसू येते.

मग आजीच्या वेळी कसे निभावत होते? एक उत्तर चुलीत आहे. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ७१ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढेच, पण हवेची ते धरण्याची ताकद वाढते. चुलीचे गोडवे मी गाणार नाही. त्या धुराने आजीचे डोळे आणि छाती दोन्ही गेली. पण कपड्यांच्या कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवण्यामागेही हेच तत्त्व होते. तो दिवा प्रत्यक्षात १२-१५ वॅट खायचा आणि गरम व्हायचा. एलईडीने ती ऊब जवळजवळ संपवली.

दुसरे उत्तर चुन्यात. कळीचा चुना विरवला की त्याचा पीएच १२ च्या घरात जातो. इतक्या अल्कधर्मी थरावर बुरशी सहसा रुजत नाही. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याची हळूहळू चुनखडी करतो, पीएच ८-९ पर्यंत उतरतो आणि पहारा सुटतो. दरवर्षीच्या सफेदीला मी इतकी वर्षे केवळ सणाची हौस समजत होतो. शिवाय चुन्याच्या थरातून भिंतीतली वाफ बाहेर पडते. प्लॅस्टिक पेंट तिला आत कोंडतो.

तरी चुना फासण्याआधी पाणी येते कुठून, ते शोधावे लागते. भिंतीला हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून मी दोन दिवस ठेवला. थेंब खोलीकडच्या अंगावर आले, तर ओलावा हवेतला. भिंतीकडच्या अंगावर आले, तर भिंतीतला. आमचे थेंब भिंतीकडे होते. बाहेर जाऊन पाहिले, तर मीच करून घेतलेल्या सिमेंटच्या कोब्याचा उतार जोत्याकडे होता! सगळ्या पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचत होते.

कोबा फोडला, उतार अंगणाकडे काढला. पेंट आणि गिलावा कमरेपर्यंत खरवडला तो ओला करून, तोंडाला मास्क लावून आणि आईला बहिणीकडे पाठवून, कारण मेलेले बीजाणूही दमा चाळवतात. कापसाची गादी टाकून दिली. ती काही धुऊन निघत नाही. भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, मग चुना-वाळूचा गिलावा केला आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. चुना लावताना डोळ्यांना चष्मा हवा. थेंब उडाला तर डोळा भाजतो.

यंदाची सफेदी नवरात्रातच उरकली. आई दोन रात्री पडवीत झोपली, आणि तिसऱ्या दिवशी खोलीत येऊन तिने भिंतीला हात लावून पाहिला. कोरडा निघाला, पांढरा झालेला.