जादा कर, पण बेताने

१ जुलै २०२५ला राज्यात मोटारींच्या एकरकमी कराचे नवे दर लागू झाले. आलिशान गाड्यांच्या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि सीएनजी-एलपीजी गाड्यांचा कर एका टक्क्याने वाढला. चर्चा सगळी ३० लाखांची झाली. मला तो एक टक्का डाचला.

या कराचा मूळ कायदा १९५८चा. त्यानंतरची तीन-चार दशकं मी इथे सरळ ओलांडतो. गाडीच मिळायला वर्षानुवर्षं लागत, तिथे तिच्यावरच्या कराची चर्चा कोण करणार? महागडी गाडी आणि कर हे दोन शब्द घरोघरी एका वाक्यात आले ते सचिनच्या फेरारीमुळे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल त्याला ती गाडी भेट मिळाली, सरकारने आयातशुल्क माफ केलं, लोक कोर्टात गेले आणि अखेर सव्वा कोटीच्या आतबाहेरची ती रक्कम फियाट कंपनीने भरली. तेव्हा लोकांना निदान राग तरी आला होता.

मला आठवतं ते त्यानंतरचं, जकातीचं शेवटचं दशक. मुंबईच्या शोरूममध्ये गेलं की विक्रेता दोन कागद पुढे करायचा, ‘ऑन-रोड मुंबई’ आणि ‘ऑन-रोड ठाणे’. गाडी तीच, रंग तोच, फरक जकातीचा. मग ज्याचा कुणी मावसभाऊ पनवेलला किंवा पेणला राहायचा, त्याचं नशीब उघडायचं. आमच्या सोसायटीच्या आवारात तेव्हा एमएच-०६च्या इतक्या गाड्या उभ्या असत, की नवख्याला आपण रायगड जिल्ह्यात आहोत असं वाटावं. त्यातल्या एकीचे मालक दर वार्षिक सभेत नागरिकाच्या कर्तव्यांवर बोलायचे. थकबाकीदारांची नावं फलकावर लावा, हा ठरावही त्यांचाच. मी तेव्हा गप्प बसलो होतो. आता ते पुण्याला राहायला गेलेत, म्हणून लिहितो.

मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगांसाठी कुणी गळा काढणार नाही, मीही नाही. पण त्या दिवसांतलं ‘पासिंग’ मला आवडायचं. नवी गाडी आरटीओच्या मैदानात न्यायची. एजंट वाकून चासिस नंबरवर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायचा, की आकडे पांढरे उमटायचे. दीड कोटीची जर्मन गाडी आणि कर्जावर घेतलेली छोटी हॅचबॅक एकाच धुळीत, एकाच साहेबाची वाट बघत उभ्या असायच्या. बाकी काही नाही तरी रांग समान होती. आता नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच होते. सोय झाली हे खरंच.

पुढे जकात गेली. बहुतेक महापालिकांत तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली, व्यापाऱ्यांनी २०१३त दुकानं बंद ठेवली, मग एलबीटीही मोडीत निघाली. मुंबईतले नाके १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर उठले. त्याआधी २०१६त केंद्राने १० लाखांवरच्या गाडीच्या खरेदीवर एक टक्का टीसीएस सुरू केला होता. तो प्राप्तिकरात वळता होतो हे मान्य, पण १० लाख म्हणजे श्रीमंती ही खूणगाठ तेव्हाच बसली.

आणि सप्टेंबर २०१७. जकातीचा तोटा भरून काढायला राज्याने एकरकमी कर दोन टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३ टक्के. डिझेलला आणखी दोन जास्त. इथवर ठीक, जितकी महाग गाडी तितका जास्त दर. पण अतिश्रीमंतांच्या गाड्या कर वाचवायला परराज्यात नोंदल्या जातात, म्हणून २० लाखांची कमाल मर्यादाही आली. मध्यमवर्गीयाने पेणचा पत्ता दिला तर ती लबाडी, आणि कोट्यधीश पाँडिचेरीला गेला तर त्याची मनधरणी.

हिशेब अवघड नाही. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९९ हजार, म्हणजे पूर्ण ११ टक्के. पाच कोटींच्या गाडीला १३ टक्के धरले तरी ६५ लाख व्हायला हवेत. तिने भरले २० लाख, म्हणजे चार टक्के. नव्या मर्यादेने ३० लाख, म्हणजे सहा टक्के. हा ‘जादा’ कर चढतो तो मधल्या माणसाला दम लागेपर्यंत, आणि त्यानंतर उतार सुरू होतो. गाडीची किंमत १० लाखांच्या हजारभर रुपये वर गेली तर सगळ्या रकमेवर वरचा दर लागतो. तिथे मात्र कुणाला दया येत नाही.

आपली मर्यादा परराज्यातल्यांनाही मानवत असावी. जुलै २०२५मध्येच बंगळूरच्या आरटीओने एक लाल फेरारी अडवली. नोंदणी महाराष्ट्राची. कर्नाटकाने दंडासह सुमारे १ कोटी ४२ लाख वसूल केले. इकडे २० लाखांत भागलं असतं.

राहिल्या विजेच्या गाड्या. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला. महिना संपायच्या आत मुख्यमंत्री फडणवीसांनी विधान परिषदेत तो मागे घेतला. उत्पन्न फारसं मिळणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल, हे कारण. जुलैत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं आणि सप्टेंबरात तिथली पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी घेतली. किंमत साठ लाखांच्या घरात, म्हणजे सहा टक्क्यांनी साडेतीन लाखांवर कर झाला असता. तो शून्य झाला. गाडी त्यांच्या पैशांची, सूट कायद्यातली, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार एवढीच, की सीएनजीही स्वच्छ इंधन म्हणूनच आम्हाला विकलं होतं. साडेसात लाखांच्या सीएनजी गाडीवर आता साडेसात हजार जास्त पडतात. त्या गाड्या घेणाऱ्यांना चुकीचा संदेश जाईल, अशी काळजी विधान परिषदेत अजून कुणी केलेली माझ्या वाचनात नाही.