पत्ता दाबला, पत्र उघडेना!

संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर एखाद्या कार्यालयाचे वा विद्यापीठाचे पान उघडावे, तळाशी 'संपर्क' या मथळ्याखाली निळ्या अक्षरांत ईमेलचा पत्ता दिसावा, त्यावर मोठ्या आशेने बोट ठेवावे आणि काहीच घडू नये, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. कधी कोरे पान उघडून तसेच राहते. कधी आपण जन्मात न वापरलेली एखादी प्रणाली दारात उभी राहून 'आधी आपले खाते जोडा' असा हट्ट धरते. दोन-तीनदा असे झाले की घरातील कर्ती माणसे एक निष्कर्ष काढून मोकळी होतात. तिकडे आपले ऐकणारे कोणी नाही!

पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांत हा निष्कर्ष जरा लवकर निघतो, आणि त्याला तसे कारणही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आमचा हा संत्र्यांचा टापू मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा संसार तेव्हापासूनचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वी छिंदवाड्याला जाऊन करावयाची कामे आता जवळ आली; त्याहून जवळ, म्हणजे खिशातल्या मोबाईलवर आली.

येथे संविधानाच्या एका कलमाचे स्मरण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून संघराज्याच्या अथवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा अधिकार अनुच्छेद ३५० ने प्रत्येकास दिला आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयीचा अनुच्छेद ३५० क आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याविषयीचा ३५० ख हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. तेव्हा गावच्या शाळेत मराठीचा शिक्षक हवा, असा अर्ज मराठीतून लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. आडकाठी येते ती त्या निळ्या पत्त्यापाशी.

आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांनी असाच अर्ज लिहिला होता. पत्ता दाबताच त्यांच्या संगणकावर एक जुनी टपाल-प्रणाली उघडली. त्यांनी मन लावून मजकूर लिहिला, 'पाठवा' दाबले आणि महिनाभर उत्तराची वाट पाहिली. त्या प्रणालीत कित्येक वर्षांपूर्वीचे, संकेतशब्द केव्हाच बदललेले खाते होते. पत्र 'आउटबॉक्स'मध्ये जसेच्या तसे पडून होते. कार्यालयाला बोल लावून झाला होता, नातवाला बोल लावून झाला होता. पत्र मात्र घराबाहेर पडलेच नव्हते.

हे असे का होते? निळ्या पत्त्याला संगणकशास्त्रात 'मेलटू' दुवा म्हणतात. (दुवा हा शब्द आमच्या भागात हिंदीच्या सहवासाने आशीर्वादाच्या अर्थीही चालतो, तेव्हा दुवा दाबावा की मागावा, असा विनोद शिक्षकांच्या खोलीत होतो. असो.) १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'चे चिन्ह घातले, तेव्हापासून ईमेलच्या पत्त्याला आजचे रूप आले. पुढे त्या पत्त्याआधी 'मेलटू' हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबे जोडली की तो दाबता यावा, अशी सोय झाली. तिचे नियम १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये नीट बांधून घेण्यात आले. मात्र हा दुवा स्वतः पत्र नेत नाही. तो फक्त सांगतो, 'या पत्त्यावर कोरे पत्र उघडा.' हा निरोप ब्राउझर संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीला देतो, आणि ती आपल्या वहीत पाहते की टपालाचे काम या घरात कोणाकडे आहे. वहीत नाव नसेल तर निरोप तेथेच विरतो. चुकीचे नाव असेल तर भलताच उठून दार उघडतो.

ही नोंद कोरी राहण्याचा काळही ठाऊक असावा. २००१ साली विंडोज एक्सपी आले तेव्हा त्याच्यासोबत आउटलुक एक्सप्रेस ही टपाल-प्रणाली येत असे, त्यामुळे वहीत आपोआप एक नाव असे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये अशी प्रणाली सोबत दिलीच गेली नाही. तोवर लोक जीमेलकडे वळले होते. जीमेल (जन्म एप्रिल २००४) संगणकावर ब्राउझरच्या पोटात राहते. मूळ कार्यप्रणालीच्या दृष्टीने ते निराळे बिऱ्हाड नव्हेच, मग त्याचे नाव वहीत येणार कोठून? पुढे विंडोज १० मध्ये 'मेल' नावाची प्रणाली आली. तिचे कामकाज २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि तिच्या जागी नवे आउटलुक खाते मागत उभे राहिले. ज्यांचा दुवा काल चालत होता आणि आज चालत नाही, त्यांपैकी अनेकांचे कारण हेच असते.

दुरुस्ती अवघड नाही, परंतु ती दोन ठिकाणी करावी लागते आणि बहुतेक लोक एकच करून थांबतात. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधून 'ॲप्स' आणि तेथून 'डीफॉल्ट ॲप्स' उघडावे. वरच्या शोधचौकटीत रोमन अक्षरांत एम-ए-आय-एल-टी-ओ असे लिहिले की सध्या नेमलेल्या प्रणालीचे नाव दिसते. जीमेल वापरणाऱ्याने तेथे आपला ब्राउझर, उदाहरणार्थ क्रोम, निवडावा. हे झाले पहिले ठिकाण. आता निरोप क्रोमपर्यंत येईल, पण तो जीमेलला द्यावा हे क्रोमला कोणी सांगितले? त्यासाठी क्रोममध्ये जीमेल उघडावे. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एकमेकांवर चढलेल्या दोन चौकटींचे बारीक चिन्ह दिसते, ते दाबून परवानगी द्यावी. ते चिन्ह दिसत नसेल तर पूर्वी केव्हातरी नकार दिला गेला असण्याचा संभव असतो. तो नकार क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'प्रोटोकॉल हँडलर्स' या सदरात जाऊन मागे घेता येतो. फायरफॉक्समध्ये हेच काम 'सेटिंग्ज'च्या 'जनरल' भागात, 'ॲप्लिकेशन्स'च्या यादीत होते. ज्यांच्याकडे आउटलुक वा थंडरबर्ड नीट खाते जोडून चालू आहे, त्यांनी पहिल्या ठिकाणी त्याचेच नाव द्यावे. दुसऱ्याची गरज नाही.

मोबाईलवर प्रकरण सोपे आहे. अँड्रॉइड फोन पहिल्यांदा विचारतो, 'फक्त एकदा की नेहमी?' घाईत नको त्या ॲपला 'नेहमी' म्हटले गेले असेल तर त्या ॲपच्या माहितीत जाऊन 'ओपन बाय डीफॉल्ट' येथील नेमणूक रद्द करावी. आयफोनवर २०२० पासून ॲपलच्या स्वतःच्या प्रणालीऐवजी दुसरी नेमता येते.

मात्र काही वेळा आपले घर अगदी व्यवस्थित असते आणि दोष पत्त्यातच असतो. आपल्या देशातील सरकारी पानांवर 'ॲट'च्या चिन्हाऐवजी कंसात 'ॲट' हा शब्द आणि टिंबाऐवजी 'डॉट' हा शब्द लिहिलेला पुष्कळदा आढळतो. पत्ते वेचत फिरणाऱ्या यंत्रांना तो उचलता येऊ नये आणि कार्यालयावर जाहिरातींचा पाऊस पडू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच, पण असा पत्ता जसाच्या तसा दाबला वा उचलून चिकटवला तर पत्र जाणार नाही. शब्द पुसून त्यांच्या जागी चिन्हे हातानेच घालावी लागतात. यंत्राला फसवण्यासाठी केलेली ही युक्ती म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही तितकीच फसवते, हे ती योजणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. पत्ता धड असेल तर मात्र दुव्याच्या भानगडीत न पडता तो उजव्या कळीने उचलून आपल्या जीमेलमध्ये चिकटवणे, हा कोठेही चालणारा उपाय.

शाळांची वा मंडळांची पाने तयार करणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट. दुव्यातच पत्राचा विषय भरून ठेवता येतो आणि तो मराठीत असण्यास हरकत नाही. फक्त दुव्याच्या पोटात देवनागरी अक्षरे सरळ ठेवता येत नाहीत. प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार यांचे टक्क्याच्या चिन्हांसह नऊ रोमन खुणांत रूपांतर करावे लागते. 'सौंसर' या नावाला पंचेचाळीस खुणा लागतात आणि 'पांढुर्णा'ला एक्क्याऐंशी! रूपांतर न करता भरलेला विषय कोठे नीट दिसतो, कोठे प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतो. पत्राच्या मजकुराला हे बंधन नाही, तो खुशाल मराठीत टंकावा. आणि जोडपत्र दुव्यातून जात नाही, ते आपणच जोडावयाचे असते.

ज्यांच्या घरी संगणक नाही ते एम. पी. ऑनलाइनच्या दुकानात जातात. तेथे पत्ता दाबला की पत्र दुकानदाराच्या खात्यातून उघडण्याचा संभव असतो. अर्ज आपला, सही आपली आणि उत्तर येणार त्याच्याकडे! म्हणून दुकानात बसल्यावर आधी 'प्रेषक' या जागी कोणाचे नाव आहे ते वाचावे, आपल्या खात्यातून पत्र धाडावे आणि उठताना खाते बंद करावे.

पत्र खरोखर गेले की नाही हे 'सेंट'च्या कप्प्यात पाहिल्यावर कळते. पत्ता चुकला असेल तर बहुधा काही मिनिटांतच 'मेलर-डीमन' या विचित्र नावाने इंग्रजीत उलट टपाल येते. ते जाहिरात समजून पुसू नये, त्यात पत्र का परतले याचे कारण दिलेले असते. वर ज्या सद्गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांनी आउटबॉक्समधला मजकूर उचलून आपल्या चालू खात्यात चिकटवला, पत्ता हाताने टंकला आणि पाठवला. या खेपेस तो 'सेंट'मध्ये दिसला. त्यांनी त्या पानाची छापील प्रत काढून, तारीख घालून, शाळेच्या कागदपत्रांच्या फायलीत लावून ठेवली आहे.